निदानाआधीची चौकशी

ज्या मुलुखात एखादा रोग वैद्यांनी केवळ पाठ्यपुस्तकातच पाहिलेला असतो, तेथे त्या रोगाचा रोगी दाखल झाला म्हणजे निदानास जो विलंब लागतो, त्याचे खापर यंत्रसामग्रीवर फोडता येत नाही. रोग्याची कैफियत पुरती ऐकून घेतली जात नाही, हेच त्याचे मुख्य कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९९० व ९१ साली न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजातल्या, परस्परांशी कोणतेही नाते नसलेल्या चार व्यक्तींना वारंवार आकडी येऊ लागली, आणि त्यांच्या मेंदूत आढळलेल्या गाठी डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या निघाल्या. ज्यांच्या धर्मात डुकराचे मांस निषिद्ध, त्यांच्या मेंदूत हा कृमी शिरला कसा? कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने पट्टकृमी वाढतो तो आतड्यात. मेंदूतल्या गाठी मात्र त्या आतड्यातल्या कृमीची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून, नीट न धुतलेल्या हातांनी अन्नात मिसळली म्हणजे होतात, आणि ते अन्न शुद्ध शाकाहारी असले तरी काही फरक पडत नाही. या कुटुंबांत लॅटिन अमेरिकेतून नुकत्याच आलेल्या स्त्रिया घरकामास होत्या आणि तपासणीत त्यांपैकी एकीला पट्टकृमीची बाधा असल्याचे आढळले. तिला गुन्हेगार ठरवणे हा घोर अन्याय होय, कारण तीही रोगीच होती, आणि आतड्यातला हा कृमी बहुधा औषधाच्या एका मात्रेने नाहीसा होतो.

इंग्लंडमधील उदाहरण याहून विलक्षण आहे. डोकेदुखी, आकडी आणि गंधज्ञानातील विकृती यांनी त्रस्त झालेल्या एका चिनी वंशाच्या गृहस्थाच्या मेंदूतील वलयाकार डाग चार वर्षांत एका बाजूकडून दुसरीकडे किमान पाच सेंटिमीटर सरकला. क्षयादी रोगांच्या चाचण्या निष्फळ ठरल्या, आणि अखेर २०१२ साली शस्त्रक्रियेने सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा निराळाच कृमी बाहेर काढल्यावर उलगडा झाला. त्या देशात पूर्वी कधीही न आढळलेला हा कृमी आरंभीच ओळखता आला असता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु जागा बदलणारा डाग दिसल्यावर, रोगी कोणत्या देशात राहिला आणि तेथे काय खात-पीत होता, या प्रश्नांना चाचण्यांच्या यादीत अग्रस्थान मिळावयास हवे.

आपल्या देशात डुकराच्या पट्टकृमीचा हा रोग अपरिचित नाही. म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे, की प्रौढपणी प्रथमच आकडी आली तर आपण भारतात किती वर्षे राहिलो आणि घरात स्वयंपाक कोण करते, हा तपशील डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावा, आणि आपण शाकाहारी आहोत एवढ्यावरून ही शंका त्यांना सोडू देऊ नये.