पोलादाची आठवण, माणसांचा विसर

पहिली ‘विक्रांत’ गेली, मागोमाग ‘विराट’ही गेली. दोन्ही विमानवाहू नौका भंगारात निघाल्या आणि दोन्ही वेळा एकच हळहळ ऐकू आली : आपल्याला आपला वारसा जपता येत नाही. या हळहळीत बायकांचा आवाज फारसा नव्हता. आपल्या बैठकांत विषय निघालाच तर दोन उत्तरं मिळतात. एक, “युद्ध पुरुषांचं, जहाजं पुरुषांची, आपल्याला काय त्याचं?” आणि दुसरं, “मोडली ते बरंच झालं.”

मला ही दोन्ही उत्तरं पुरेशी वाटत नाहीत. संग्रहालय म्हणजे समाजाने काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं याचा सरकारी निर्णय. त्यासाठी पैसा आपल्या सगळ्यांच्या खिशातून जातो. मग तो विषय आपला नाही कसा? आणि जहाज मोडलं म्हणजे ते संपलं, असंही नाही. ते कुणाच्या तरी हातांनी मोडलं जातं.

आधी काय घडलं ते पाहू. ‘विक्रांत’ ही ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली आणि अर्धवट राहिलेली नौका. भारताने ती १९५७ साली विकत घेतली आणि १९६१ साली ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. मुंबईत तिच्यावर संग्रहालय झालं, काही वर्षं लोकांनी ते पाहिलंही. २०१२ साली ती धोकादायक झाल्यामुळे लोकांसाठी बंद झाली. राज्य सरकारने खर्च झेपणार नाही म्हणून हात वर केले, कुणी उद्योगपतीही पुढे आला नाही. २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दारूखान्यात ती तोडायला घेतली. तिचं थोडं पोलाद वितळवून २०१६ साली एक मोटारसायकल बाजारात आली. देशभक्तीवर बसून फिरा, असा त्या जाहिरातींचा एकूण सूर.

‘विराट’ मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ तिचं संग्रहालय आणि सागरी साहस केंद्र करायला मंजुरी दिली. खर्च ८५२ कोटी, सरकारी-खासगी भागीदारीतून. पुढे काहीच झालं नाही. २०२० साली ती साडेअडतीस कोटींना विकली गेली आणि गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर ओढून नेली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मोडतोड थांबवली, पण एप्रिलमध्ये प्रकरण संपलं तोवर तिचा चाळीस टक्के भाग तुटलेला होता.

प्रश्न जुना झालेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने ‘गुलदार’ हे निवृत्त जहाज राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या हवाली केलं. निवतीजवळच ते समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं अशी योजना आहे, त्यासाठी केंद्राने सुमारे ४७ कोटी मंजूर केले आहेत.

आता खर्चाचं पाहू. किल्ला पडका झाला तरी जमिनीवर उभा राहतो. जहाज खाऱ्या पाण्यात असतं आणि खारं पाणी रोज पोलाद खातं. तळ खरवडणं, रंगवणं, गळती बंद करणं, पंप चालू ठेवणं आणि काही वर्षांनी सबंध जहाज सुक्या गोदीत नेणं हा खर्च उद्घाटनाच्या दिवशी संपत नाही, तिथून सुरू होतो. अमेरिकेची ‘टेक्सस’ ही १९१४ सालची युद्धनौका १९४८ पासून संग्रहालय आहे. तिचा तळ इतका गळू लागला की २०१९ साली तिथल्या राज्याला साडेतीन कोटी डॉलर मंजूर करावे लागले आणि २०२२ साली ती दुरुस्तीला गोदीत न्यावी लागली. अमेरिकेसारख्या देशाला ज्याची धाप लागते, ते आपण पर्यटनाच्या तिकिटांवर चालवणार होतो!

जहाजाचं संग्रहालय होऊच शकत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ पासून लोक पाहतात. ती ९१ मीटर लांबीची, आणि तिला पाण्यातून काढून समुद्रकाठच्या वाळूवर पक्क्या पायावर बसवलं आहे. निवृत्त नौसैनिक आतून फिरवून माहिती देतात. आवाका ओळखून केलं की जमतं. ‘विराट’ २२६ मीटर लांब, २८ हजार टनांची. तिला ८५२ कोटी हा आकडा केवढा, हे समजायला एक तुलना पुरे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या बलात्कारानंतर सबंध देशातल्या स्त्रियांच्या सुरक्षेसाठी निर्भया निधी निघाला. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याला मिळाले १००० कोटी. एका बाजूला देशातल्या सगळ्या बाया, दुसऱ्या बाजूला एक जहाज.

“पण शहिदांच्या आठवणीचं काय?” हा प्रश्न लगेच येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्याचं उत्तर दीवला आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणतीराने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. ती नौका समुद्राच्या तळाशी आहे, जपायला पोलाद उरलंच नाही. दीवला समुद्राकडे तोंड करून तिची छोटी प्रतिकृती काचेत ठेवली आहे, माणसं तिथे जाऊन उभी राहतात. आठवणीला २८ हजार टन लागत नाहीत.

आणि आठवण कुणाची? १९४ माणसं गेली तेव्हा त्यांच्यामागे किती घरं उघडी पडली, त्या घरांतल्या बाया पुढची पन्नास वर्षं कशा जगल्या, हे कुठल्या दालनात लावलं आहे? शौर्यपदकाचा भत्ता मिळणाऱ्या वीरपत्नीने पुन्हा लग्न केलं तर तो बंद होत असे. अपवाद एकच : तिने मयत नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर चालू राहील. ही अट संरक्षण मंत्रालयाने २०१७ साली काढली. म्हणजे ‘विराट’ निवृत्त झाली त्या वर्षापर्यंत आपलं सरकार विधवेला सांगत होतं की पैसा हवा तर त्याच घरात राहा, दिराच्या हाताखाली राहा. नौदलाचा, सैन्याचा वारसा दाखवायचाच असेल तर तो सरकारी कागद काचेच्या कपाटात लावा. माझ्या लेखी त्याची किंमत एखाद्या तोफेपेक्षा जास्त आहे.

१९७१ चा विजय आपण सांगतो तेव्हा तो क्षेपणास्त्रांचा आणि विमानांचा असतो. ज्या भूमीसाठी ते युद्ध झालं तिथे पाकिस्तानी सैन्याने स्त्रियांवर सामूहिक बलात्कार केले. नव्या सरकारने त्यांना ‘बीरांगना’ म्हटलं, आणि समाजाने त्यांना दाराबाहेर ठेवलं. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी १९९९ साली स्वतःवरचा अत्याचार जाहीरपणे सांगितला, तोवर अठ्ठावीस वर्षं गेली होती. या स्त्रियांना मुक्तियोद्ध्या म्हणून सरकारी मान्यता मिळू लागली ती २०१५ पासून. ढाक्यात नागरिकांनी पदराचे पैसे घालून १९९६ साली मुक्तियुद्ध संग्रहालय उघडलं, तेही भाड्याच्या घरात. त्यांची बस गावोगाव फिरते, शाळेतली मुलं आपल्या आजी-आजोबांना विचारून त्या काळाच्या आठवणी लिहून आणतात. संग्रहालय याला म्हणावं. आधी बोलणारी माणसं जमवली, इमारत नंतर झाली.

आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या केंद्रातून नाविकांचं बंड सुरू झालं. मुंबईकरांनी त्यांना अन्न पोचवलं, गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला. दोनशेच्या वर माणसं मेली. परळला कमल दोंदे गोळीने गेल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी घुसली. कुलाब्यात बंडाचं स्मारक आहे, त्यावर पुतळा आहे तो एका नाविकाचा. त्याला माझा नमस्कार. पण परळची बाई कुठे आहे? नौदलात स्त्री अधिकारी घ्यायला १९९२ साल उजाडलं, त्यांना कायम नेमणुकीचा हक्क मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात भांडून मिळाला. हा झगडाही वारसाच आहे.

आता ‘मोडली ते बरं झालं’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना विचारते : मोडली कुणी? दारूखान्यात आणि अलंगला गॅसकटर घेऊन जहाज कापणारे कामगार बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले. त्या काळच्या ब्रिटिश जहाजांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. त्याची धूळ फुफ्फुसात गेली की वीस-चाळीस वर्षांनी कर्करोग उभा राहतो. इंग्लंड-अमेरिकेत गोदीची पायरी कधी न चढलेल्या बायकाही या रोगाने गेल्या. कारण? नवऱ्याचे कामाचे कपडे त्या झटकून धूत होत्या. हे तिथे नोंदलेलं आहे. दारूखान्याजवळच्या वस्तीत कपडे धुणाऱ्या बाईची छाती कोण तपासणार? २००६ साली फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका अलंगच्या वाटेवर होती, तेव्हा तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून जगभर ओरड झाली आणि फ्रान्सला ती परत बोलवावी लागली. आपल्या स्वतःच्या नौका तुटल्या तेव्हा अश्रू ढाळले गेले ते पोलादासाठी. कापणाऱ्यांच्या फुफ्फुसांबद्दल कितीजण बोलले?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जहाज ठेवा किंवा मोडा, पण हिशेब पुरा मांडा. कुठल्याही नौकेच्या संग्रहालयाला मंजुरी देण्याआधी पुढच्या तीस वर्षांचा देखभालीचा खर्च लोकांसमोर ठेवा. निवती-वेंगुर्ल्याच्या समुद्रावर ज्यांचं पोट आहे, त्या मासे विकणाऱ्या बायांचं म्हणणं गावसभेत ऐकून कागदावर घ्या. जहाज भंगारात द्यायचं तर लिलावाआधी त्यातल्या विषारी मालाची यादी जाहीर करा, कामगारांची आणि त्यांच्या घरातल्या बायकांची वर्षानुवर्षं तपासणी करा, आणि त्याचा खर्च लिलावाच्या पैशांतून वेगळा काढून ठेवा. आणि संग्रहालय करायचंच तर त्यात युद्धाची किंमत दिसू द्या : विधवा, बलात्कारित स्त्रिया, कामगार, परळची कमल दोंदे.

यातलं एक काम सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येईल. १९७१ साली विशी-पंचविशीत विधवा झालेल्या स्त्रिया आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात, मुंबईच्या चाळींत त्या आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसायला, त्यांची परवानगी घेऊन त्यांचं बोलणं टिपायला एक वही आणि एक फोन पुरतो. प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातल्या निदान पाचजणींच्या आठवणी येत्या वर्षभरात लिहून घ्याव्यात. दहा वर्षांनी हे काम करायचं म्हटलं तर सांगायला कुणी उरलेलं नसेल.