शाळामास्तरांचा आकाशप्रवास

संकष्टी चतुर्थीस चिंचवडच्या मोरया गोसावींचें दर्शन घेऊन मंडळी घरीं परतली, कीं स्वयंपाकघरांतून पहिला प्रश्न येतो तो चंद्रोदयाचा. पंचांगांतला किंवा दिनदर्शिकेंतला तो आंकडा पाहून नैवेद्याची वेळ ठरते. मुंबईच्या आप्तांकडे चंद्र साधारणतः चार मिनिटें उशिरा उगवतो, हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. कारण मुंबई आपल्या पश्चिमेस सुमारें एक अंश आहे, आणि एक अंश म्हणजे चार मिनिटें. परंतु हा आंकडा आकाशाशीं जुळावा म्हणून कोणी तरी आयुष्य वेंचलें, याचें स्मरण सहसा राहत नाहीं. तें काम करणाऱ्यांत दोन शाळामास्तर होते. त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आजचा हेतु आहे.

गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ इ. स. १५२० च्या सुमाराचा. महाराष्ट्रांतील पंचांगें शतकानुशतकें त्यावरून होत आलीं. ग्रंथ मोठ्या योग्यतेचा. पण सूक्ष्म अंतर वर्षानुवर्षें सांचत जाऊन पुढें पंचांगांतील ग्रहणाची वेळ आणि आकाशांतील वेळ यांत फरक दिसूं लागला. एकोणिसाव्या शतकांत नव्या पाश्चात्य गणिताचा परिचय झाल्यावर तो फरक डोळ्यांआड करणें शक्य राहिलें नाहीं.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूडचे. जन्म १८५३ चा. मॅट्रिकची परीक्षा उतरून त्यांनीं शिक्षणखात्यांत नोकरी केली, आणि रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें, पुणें अशा गांवांतून त्यांचें आयुष्य गेलें. बदलीचें बिऱ्हाड म्हणजे काय, हें ज्यांच्या घराण्यांत मास्तर होऊन गेले त्यांस सांगावयास नको. अशा फिरत्या संसारांत त्यांनीं 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून या देशांत आकाशाविषयीं काय विचार झाला, कोणी कोणतें मान धरिलें, कोणाचें कोठें चुकलें, हें त्यांत क्रमानें सांगितलें आहे. त्याच वर्षीं रॉबर्ट स्यूएल यांच्यासह केलेला भारतीय कालगणनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथहि बाहेर पडला. १८९८ सालीं ते वारले, तेव्हां त्यांस पंचेचाळिसावें वर्ष चालू होतें.

दीक्षितांनीं आपल्या ग्रंथांत ज्या समकालीन गणित्यांची दखल घेतली, त्यांत व्यंकटेश बापूजी केतकर हें नांव आहे. केतकर १८५४ चे, आणि तेहि मास्तरच. बागलकोटच्या शाळेंत त्यांनीं अध्यापन केलें. त्यांचे 'ज्योतिर्गणित' व 'केतकी ग्रहगणित' हे ग्रंथ संस्कृतांत आहेत, पण आंतील मानें अर्वाचीन वेधांवरून घेतलेलीं. जुन्या परंपरेंत वाढलेल्या जोश्यालाहि नवें गणित आपल्याच भाषेंत वाचतां आलें, हा त्यांचा मोठा उपकार होय.

याच केतकरांनीं १९११ सालीं नेपच्यूनच्याहि पलीकडे जाण्याचें साहस केलें. गुरूच्या आंतल्या तीन मोठ्या उपग्रहांच्या गतींत एक चमत्कारिक मेळ आहे, असें लाप्लास या फ्रेंच गणित्यानें दाखविलें होतें. पहिल्याच्या गतींत तिसऱ्याची दुप्पट गति मिळविली, तर दुसऱ्याची तिप्पट होते. असाच मेळ सूर्यमालेच्या बाहेरच्या ग्रहांत असेल, असें धरून केतकरांनीं नेपच्यूनपलीकडे दोन ग्रहांचें अनुमान केलें आणि त्यांस ब्रह्मा व विष्णु अशीं नांवें दिलीं. तें अनुमान फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. ब्रह्म्याचें सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट, आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षें, असे त्यांचे आंकडे होते.

या आंकड्यांतला मेळ घरांतील शाळकरी मुलासहि पडताळतां येईल. हर्शल वर्षास सुमारें ४.२८५ अंश चालतो, नेपच्यून २.१८५ अंश, आणि केतकरांचा ब्रह्मा १.४८६ अंश. ब्रह्म्याची गति तिप्पट करून हर्शलच्या गतींत मिळवावी, ८.७४३ येतात. नेपच्यूनची चौपट करावी, ८.७४० येतात.

पुढें १९३० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत क्लाइड टाँबो या तरुणास प्लूटो सांपडला. त्याचें अंतर सुमारें ३९.५ पट, काळ सुमारें २४८ वर्षें. केतकर त्याच वर्षीं वारले. हे आंकडे शेजारीं ठेवले, म्हणजे 'प्लूटो आमच्या केतकरांनींच शोधिला' असें मुलांस सांगण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. केतकरांनीं अंतर व काळ सांगितला. ग्रह आकाशांत कोठें पाहावा तें सांगितलें नाहीं. त्यांचा विष्णु कधींच सांपडला नाहीं. शिवाय वरच्या हिशेबांत प्लूटोची गति घातली, तर ८.७४० च्या ठिकाणीं ८.६४० येतात. प्लूटोचा मेळ निराळाच आहे : नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात, तितक्यांत त्याच्या दोन. उत्तर जवळ आलें, पण रीत ती नव्हती. खुद्द प्लूटोसहि २००६ पासून बटुग्रहांत गणलें जातें. मग केतकरांचें मोठेपण कशांत ? आपले आंकडे त्यांनीं जगापुढें उघड मांडले, म्हणून ते आज आपणांस तपासतां येतात. मास्तरास शोभणारें मोठेपण तें हेंच, आणि खोट्या अभिमानानें तेंच झांकलें जातें.

अलीकडे शिक्षक सदेह अंतराळांत गेल्याचेंहि आपण ऐकतों. अमेरिकेंतील कॉन्कर्ड गांवच्या शिक्षिका क्रिस्टा मॅकॉलिफ या अंतराळांतून मुलांस पाठ देणार होत्या. परंतु २८ जानेवारी १९८६ रोजीं उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झालें आणि सातहि प्रवासी मृत्युमुखीं पडले. त्यांच्या बदली म्हणून निवडलेल्या बार्बरा मॉर्गन आपल्या शाळेंत परत गेल्या, पुन्हां लहान मुलांचे वर्ग घेऊं लागल्या, आणि २००७ सालीं अंतराळांत जाऊन आल्या. आकाशाची ओढ त्यांनीं सोडली नाहीं, आणि मुलांनाहि टाकलें नाहीं.

दीक्षित-केतकरांचेंहि तसेंच. दिवसां मुलांची वही तपासणारा मनुष्य रात्रीं कोष्टक मांडतांना हातचा विसरत नाहीं. मंद मुलास समजेल असें सांगण्याची संवय ज्यास लागली, त्याचा ग्रंथ कठीण विषयांतहि सुबोध होतो. शाळेच्या कामानें त्यांच्या आकाशाच्या कामास बळच दिलें असलें पाहिजे. मात्र या दुसऱ्या कामास संध्याकाळ लागते. त्या काळीं मास्तर बहुधा पुरुष असे, आणि त्याच्या संध्याकाळची किंमत घरांतील स्त्रिया चुकवीत. आज आपल्या घरांतून शाळेंत शिकवावयास जाते ती पुष्कळदां सून किंवा लेक. शाळेचे तास, परीक्षेचे कागद, निवडणूक-जनगणनेचीं कामें आटोपून ती घरीं येते, आणि चप्पल काढतांच तिनें ओटा गांठावा, अशी आपली अपेक्षा असते. तिच्या मनांत एखादें गणित, एखादें पुस्तक, एखादा तारा असेल, हा विचार आपल्या मनास शिवत नाहीं. विद्येचा मान राखणारें म्हणविणाऱ्या घरानें याचा विचार करावयास हवा.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या व रस्त्यांच्या दिव्यांनीं रात्र इतकी उजळते कीं, बारीक तारे दिसेनासे झाले आहेत. तरी साधनें हाताशीं आहेत. चिंचवडांत सायन्स पार्क आहे. चाकणहून नाशिकच्या रस्त्यानें राजगुरुनगर व मंचर ओलांडून नारायणगांवाजवळ खोडदला गेलें, म्हणजे आकाशांतून येणारे रेडिओतरंग टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, कांहीं एकत्र व कांहीं आसपासच्या गांवांतून दूरवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त तेथें शाळांतील मुलांचें विज्ञानप्रदर्शनहि भरतें. पुढच्या विज्ञानदिनीं मुलांस तेथें अवश्य न्यावें. घरांत कोणी शिक्षिका असेल, तर तिला प्रथम विचारावें; आणि ती निघाली, तर त्या दिवशींचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी तरी आनंदानें अंगावर घ्यावा.