सवलतीचे उपकार!

किंमत उतरविणें हा गिऱ्हाइकावर उपकार होय, असें म्हणणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे: मूळ किंमत ठरविली कोणीं? अमेरिकेंतील एका मोठ्या दुकानांत संथ संगीताच्या दिवशीं जलद संगीताहून ३८ टक्के अधिक विक्री होते, असें मिलिमन या संशोधकानें १९८२ सालीं दाखविलें. म्हणजे आधीं विवेकास निजवावयाचें, मग सवलतीची पाटी दाखवावयाची! तिकडीलच जे. सी. पेनी या दुकानांनीं २०१२ सालीं पाट्या काढून बारमास कमी भाव लाविले. त्या वर्षीं विक्री सुमारें चतुर्थांशानें घटली. 'लोकांसच पाटी हवी', असें व्यापारी यावरून म्हणतात. गुत्तेवाल्याचें म्हणणें याहून निराळें कोठें असतें? ज्यानें चटक लाविली, त्यानेंच ती लोकेच्छा म्हणून पुढें करावी काय?