उंबरठ्यावरचे दिवस

आपल्या घरांतून वेडाविषयी बोलणे निघते ते बहुधा सारे हाताबाहेर गेल्यावर. मुलगा मध्यरात्री रस्त्यावर धावत सुटला किंवा कुणाच्या अंगावर धावून गेला, म्हणजे मग डॉक्टर आठवतो. त्यापूर्वीचे कित्येक महिने ‘वयच असे आहे’, ‘परीक्षेचा ताण आहे’, ‘कुणाची तरी दृष्ट लागली’ अशा समजुतींत गेलेले असतात. मुलीच्या बाबतीत तर लग्न जमावयाचे आहे, बोभाटा नको, ही चिंता सर्वांच्या तोंडाला कुलूप घालते.

या आधीच्या काळाविषयी आज लिहावयाचे आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी १९२७ मध्येच खंत व्यक्त केली होती की, डॉक्टरांपुढे रोगाचा शेवट तेवढा येतो, आरंभ क्वचितच दिसतो. त्या आरंभाकडे पद्धतशीरपणे पाहावयास मात्र पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी पॅट्रिक मॅकगोरी व ॲलिसन युंग यांनी एक आगळाच दवाखाना उघडला. ज्यांना अजून वेड लागलेले नाही, पण जे त्याच्या उंबरठ्यावर उभे असावेत अशी शंका आहे, अशा तरुणांसाठी तो होता.

हा उंबरठा ओळखावयाचा कसा? एकलकोंडेपणा किंवा चिडचिड एवढ्यावरून मुळीच नाही. तसे असते तर प्रत्येक घरात एक रोगी निघाला असता! पाहावयाचे ते मुलाला त्याच्याच पूर्वीच्या रूपाशी ताडून. हसतखेळत अभ्यास करणारा मुलगा काही महिन्यांत मित्र तोडतो, रात्रीचा दिवस करतो, अंघोळीचीही आठवण करून द्यावी लागते, गुण घसरतात. मग एखादे दिवशी तो हळूच विचारतो, “आई, मला आता हाक मारलीस का?” शेजारी आपल्याविषयीच कुजबुजतात, दूरदर्शनवरचा निवेदक आपल्यालाच काही सुचवितो आहे, असे त्याला क्षणभर वाटते. ‘छे, माझ्याच मनाचे खेळ असतील’, असेही त्याला वाटते. ही शंका जिवंत आहे तोवर तो उंबरठ्याच्या अलीकडे आहे. ती मावळून भासाची खात्री पटली की सायकोसिस, म्हणजे उघड मनोविकृती, सुरू झाली असे समजावे.

घराण्यात असा आजार असणे, हेही धोक्याचे एक कारण आहे. पण त्याचा बाऊ करू नये. आईवडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असला तरी दहांतील सुमारे नऊ मुले त्या आजारापासून दूरच राहतात. वारशाबरोबर मुलाच्या नित्य व्यवहारातही स्पष्ट घसरण दिसू लागली, तर मात्र जपावे. गांजा हे दुसरे कारण. स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला व १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिरेकी गांजा ओढणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. ज्या मुलाचे मन आधीच डळमळीत आहे, त्याला सणासुदीच्या भांगेचाही आग्रह करणे बरे नव्हे.

तर मग अशा मुलांना आधीच औषधे सुरू करावीत काय? येथे शास्त्राची परीक्षा झाली. मेलबर्नच्या आरंभीच्या पाहणीत शंभरांतील सुमारे चाळीस जण वर्षभरात आजारी पडले. पुढे अनेक देशांतील आकडे एकत्र करून २०१२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा वर्षात बावीस व तीन वर्षांत छत्तीस असे प्रमाण निघाले. म्हणजे बहुसंख्य मुले उंबरठ्यावरूनच परत फिरतात. त्यांना उगाच जड औषधे देणे आणि ‘वेडा’ हा शिक्का मारणे, हा अन्यायच. अमेरिकेतील मनोविकारांच्या २०१३ च्या अधिकृत वर्गीकरणानेही या अवस्थेला रोग न म्हणता ‘अधिक अभ्यासाचा विषय’ म्हणून बाजूस ठेविले. २०१० मध्ये व्हिएन्नातील प्रयोगात माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी मोठी आशा निर्माण केली होती. परंतु २०१७ मध्ये ३०४ तरुणांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले, त्यांत काही फरक दिसला नाही. आपल्या शाकाहारी घरांची एक पंचाईत टळली, एवढेच!

मग उरते काय? पुष्कळ उरते. ठराविक दिवशी तज्ज्ञाशी बोलणे, झोपेची घडी बसविणे, सोबतची उदासी व चिंता यांवर उपचार, घरच्यांना समज देणे. आणि आजार प्रकटलाच तर एक दिवसही न दवडणे. या अखेरच्या गोष्टीचे मोल नॉर्वेने दाखविले. तेथील रोगालँड जिल्ह्यात १९९७ पासून वर्तमानपत्रे, नभोवाणी व शाळा यांतून लोकांना प्राथमिक लक्षणे सांगितली गेली. कुणीही थेट दूरध्वनी करावा, चिठ्ठीची गरज नाही, अशी सोय ठेविली. पूर्वी उपचाराविना सामान्यतः सव्वीस आठवडे जात, ते पाचांवर आले. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा या भागातील सुमारे एकतीस टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते. जेथे अशी मोहीम नव्हती तेथे पंधरा टक्के. प्रचार थांबला तेव्हा रोगालँडमधील विलंबही पुन्हा वाढून पंधरा आठवड्यांवर गेला.

घरी बोलताना वाद घालू नये, आणि होकारही भरू नये. ‘असे काही नाहीच’ म्हटले की मूल गप्प होते; ‘हो, शेजारी तसेच आहेत’ म्हटले की भास पक्का होतो. “तुला केव्हापासून असे वाटते? झोप लागते का?” एवढे शांतपणे विचारावे. ‘लग्न करून दिले की सुधारेल’ हा उपाय तर कुणीही करू नये; त्यात दोन जीव भरडले जातात. देवदर्शनाला हरकत नाही, पण ते डॉक्टरच्या भेटीऐवजी नसावे. मुलाच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आहेत असे वाटले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तज्ज्ञाकडे कसे जावे हे सुचत नसल्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो विनामूल्य असून रात्रंदिवस चालतो. जाताना एका वहीत केव्हा काय बदलले ते तारखेसह लिहून न्यावे: झोप केव्हा बिघडली, कॉलेज केव्हा सुटले, पहिली हाक केव्हा ऐकू आली.