मुळे, दाते आणि गाढवे

आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीत यंदा जेवणं उरकल्यावर फिशपाँड झाले. कॉलेज सोडून पंचवीस वर्षं झाली तरी फिशपाँडचा मोह काही सुटत नाही. विषय होता आडनावं. मीही चार चिठ्ठ्या लिहून टाकल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो.

आडनावाच्या विनोदात मी तसा मुरलेला आहे. मी मुळे. भारतात हे आडनाव कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण माझ्या पासपोर्टवर त्याचं जे स्पेलिंग आहे, ते अमेरिकन माणूस 'म्यूल' असं वाचतो. म्यूल म्हणजे खेचर. दवाखान्यातली नर्स दार उघडून "डॉक्टर म्यूल?" अशी हाक मारते तेव्हा बाहेर बसलेली चार डोकी मासिकातून वर येतात. बायकोने लग्नानंतर आडनाव बदललं नाही. ते आम्हा दोघांना तत्त्व म्हणून पटलेलं होतं. ती दाते, म्हणजे इकडच्या उच्चारात 'डेट'. मुलगी झाली तेव्हा तत्त्वाला जागून दोन्ही आडनावं जोडून लावली. दाखल्याचा फॉर्म भरणाऱ्या बाईंनी "नक्की असंच लिहायचं ना?" असं दोनदा विचारलं. मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि 'डेट-म्यूल' या नावाबद्दल आमच्या तत्त्वांना रोज दुवा देते.

रोमन लिपीत शिरलं की आपल्या आडनावांचं असं काहीबाही होतं. काळे ही पालेभाजी होते, मोरे म्हणजे 'अजून', माने ही घोड्याची आयाळ. गोरे वाचून रक्तपात आठवतो. साने तेवढे शहाणे ठरतात. पुण्याच्या पिंपळे सौदागरमध्ये फ्लॅट घेतलेल्या मित्राचा पत्ता पाहून माझ्या एका सहकाऱ्याने ते त्वचारोगाचं हॉस्पिटल आहे का असं विचारलं होतं, कारण इंग्रजीत ती अक्षरं म्हणजे मुरूम. दीक्षितांविषयी तर बोलायलाच नको. त्यांतले शहाणे 'क्ष'साठी एक्स वापरून सुटतात. बाकीच्यांना संगणकसुद्धा अडवतो. १९९६ साली एओएलच्या गाळणीने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नव्हती, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली आहे. हे तर साहेबाचं स्वतःचं गाव.

या सगळ्यावर हसायला माझी काही हरकत नाही. हा स्पेलिंगचा अपघात आहे आणि त्यावर इलाजही आहे. कित्येक मुळे शेवटी वाय लावून मोकळे होतात. मी तसं केलं नाही, कारण तोवर माझे पेपर 'म्यूल' या नावाने छापून झाले होते.

तर फिशपाँड. चिठ्ठ्या निघत होत्या. पोटदुखे, डोईफोडे, आगलावे, झोपे. हशा चालू होता. इतक्यात सूत्रसंचालकांनी पुढची चिठ्ठी वाचली: "मंडळात मुळे होतेच, यंदा गाढवे आले. आता एखादे घोडके शोधा, म्हणजे कुटुंब पूर्ण होईल!"

विनोद चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. गाढव आणि घोडी यांच्यापासून खेचर होतं, एवढं जीवशास्त्र सगळ्यांना येत होतं. हॉल दणाणला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. गाढवे दुसऱ्या रांगेत बसला होता. तोही हसला.

तो आमच्या विद्यापीठात पीएच.डी. करायला गेल्या वर्षी आला. मराठवाड्यातल्या एका लहान गावचा. घरातला पहिला पदवीधर. त्याच्याकडे गाडी नाही, म्हणून रात्री मी त्याला सोडायला गेलो. निम्मा रस्ता दोघेही गप्पच. मग तो म्हणाला, "सर, आमच्या लॅबमध्ये सात-आठ देशांची माणसं आहेत. वर्षभरात कुणीच माझ्या आडनावाला हसलं नाही. त्यांना कळतच नाही ना. मला वाटलं, ते तिकडंच राहिलं."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. मी हीटर वाढवला.

नंतर तोच थोडं बोलला. शाळेत हजेरी घेताना एक मास्तर त्याच्या नावापाशी मुद्दाम थांबायचे, मग वर्ग खिंकाळायचा. (खिंकाळतो घोडा, पण मास्तरांना तेवढा फरक करायचा नव्हता.) वडिलांनी एकदा राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलायचा विचार केला होता. पण सातबारा त्याच आडनावावर, शाळा सोडल्याचा दाखला त्याच आडनावावर, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी त्याच आडनावावर. एक कागद बदलला की बाकीचे सगळे संशयित होतात. शिष्यवृत्ती जाईल या भीतीने ते तसंच राहिलं.

आमच्या क्षेत्रात नाव बदलणं किती सोपं आहे हे आठवून मला तेव्हा संकोच वाटला. एक्सेल काही जनुकांच्या खुणांना तारखा समजतं, म्हणून २०२० साली आंतरराष्ट्रीय समितीने त्यांची नावंच बदलली. मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१ चं सेप्टिन१. (हे सांगितलं तेव्हा दातेबाई म्हणाल्या, तारखेचा त्रास आम्हालाही आहे.) जनुकाला सातबारा नसतो.

आपण कोणाच्या आडनावाला हसतो, हे त्या रात्रीपासून मी तपासून पाहतो आहे. सहस्रबुद्धे हे आडनाव खरं तर पोटदुखेइतकंच अचाट. हजार बुद्ध्या! अष्टपुत्रे घ्या, एकबोटे घ्या, गोडबोले घ्या. पण ती ऐकून हॉल दणाणत नाही, उलट मान अदबीने हलते. दुर्गा खोट्यांच्या आडनावाचा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. शरद बोबडे २०१९ ते २०२१ देशाचे सरन्यायाधीश होते, त्यांच्यापुढे उभं राहून आडनावावर विनोद कोण करणार? म्हणजे हसू अर्थामुळे येत नाही. समोरच्याला हसलेलं चालतं का, याचा अंदाज आपण नकळत आधी घेतो.

आणि आडनावं आली कशी तेही पाहा. कुलकर्णी, देशमुख, चिटणीस, पोतदार ही हुद्द्यांची नावं. ज्यांच्याकडे वतन आणि वही होती, त्यांना स्वतःचा हुद्दाच आडनाव म्हणून मिरवता आला. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांतल्या अनेकांना शेजारपाजाऱ्यांनी थट्टेने पाडलेलं नावच पिढ्यान् पिढ्या चिकटलं. धंद्यावरून पडलेल्या नावाचं सोनं करणारा एखादाच जोतीराव निघतो. त्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, फुलांच्या धंद्यामुळे फुले झालं.

दुसऱ्याने ठेवलेल्या नावाचं टोक पाहायचं असेल तर साताऱ्याकडे पाहा. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे जिल्हा प्रशासनाने समारंभ करून 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली. धोंडू, दगडू ही नावं निदान पोर जगावं म्हणून ठेवलेली असायची. नकोशी हे नाव खऱ्या अर्थाने ठेवलं होतं. सरकारने मनावर घेतलं तर कागद बदलतात, एवढं त्यातून दिसलं.

"पण विनोदबुद्धी नको का?" असं मंडळात मला विचारलं गेलं. हवी की. पण विनोदाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो तेही बघू या. १९४८ साली जॉर्ज गॅमॉव्हने विश्वाच्या उत्पत्तीवरच्या पेपरवर हान्स बेथेचं नाव घातलं, कारण आल्फर, बेथे, गॅमॉव्ह म्हणजे आल्फा, बीटा, गॅमा. पेपर छापला गेला तोही १ एप्रिलला. भौतिकशास्त्रातला हा सर्वांत लाडका नावांचा विनोद. राल्फ आल्फर तेव्हा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. दोन मोठ्या नावांपुढे आपलं काम झाकलं जाईल असं त्याला वाटलं, आणि ही गोष्ट त्याला पुढे आयुष्यभर टोचत राहिली. आल्फर हसला असेल का? दुसऱ्या रांगेतल्यासारखा हसला असेल.

आपल्या मंडळात नवा माणूस आला की "पूर्ण नाव काय?" हे आपण लगेच विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर "मूळ गाव कुठलं?" हेही विचारतो. हा अंदाज कशाचा असतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एवढं पुरोगामी म्हणवतो आपण, पण गाढवेला पहिल्याच दिवशी हे दोन्ही प्रश्न विचारून झाले होते. दुसरा मीच विचारला होता.

संक्रांतीच्या कार्यक्रमाची यादी परवा कमिटीकडे आली. त्यात 'आडनावांचे फिशपाँड, लोकाग्रहास्तव' असं आहे. माझं मत विरोधात नोंदवलं आहे, सध्या तरी एकट्याचं. म्यूलवर मात्र हव्या तेवढ्या चिठ्ठ्या टाका. डेट-म्यूलला आधी विचारा.