जुनी गाडी गळत नाही, आपण तिला गळू देतो

स्पष्टच बोलतो. जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या मित्रांना राग आला तरी चालेल.

नाहूर स्टेशनबाहेर लावलेल्या गाड्यांच्या खाली वाकून बघा. काळे डाग दिसतील. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: "जुनी गाडी आहे हो, थोडं तेल गळणारच." आणि पहिल्या पावसात त्याच तेलावरून एखादा बाइकवाला घसरला की शिव्या महापालिकेला!

अहो, ऑइल सील म्हणजे रबराची रिंग, आत बारीक स्प्रिंग. फिरत्या शाफ्टला धरून तेल अडवते. उष्णतेने रबर कडक होतं, कड झिजते. ब्रेक शू बदलतो तसंच हेही बदलायचं. सील स्वस्त असतं, पैसे जातात इंजिन उघडण्याच्या मजुरीत. म्हणून आपण खाली पुठ्ठा टाकतो आणि गप्प बसतो.

माझी टू-स्ट्रोक स्कूटर पांढरा धूर ओकायला लागली. एकाने सांगितलं, "इंजिन गेलं, भंगारात द्या." पण जमिनीवर थेंब नसताना गिअर ऑइल कमी होत होतं. म्हणजे क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील गेलेलं. इंजिन ते तेल ओढून जाळत होतं. क्लच आणि मॅग्नेट, दोन्हीकडची सीलं बदलली. धूर बंद!

आणि नुसतं नवं सील ठोकून भागत नाही. शाफ्टवर खाच पडली असेल किंवा कारचा ब्रीदर चोंदून आत दाब वाढत असेल, तर नवंही गळणार. आधी कारण शोधा.

आता सरकारबद्दल. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 रुपये झाली. गाडी कितीही निगुतीने ठेवा, फी वयावरच. कुर्ल्यात बनलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तीही 20 वर्षांच्या मर्यादेमुळे. वय नको, अवस्था बघा, ही आपली मागणी शंभर टक्के रास्त आहे.

पण अवस्था बघायला कोणी आलाच, तर त्याला काय दाखवणार? गाडीखालचा पुठ्ठा?

उद्या सकाळी किक मारण्याआधी एकदा खाली वाका. डाग दिसला तर या पावसाळ्याआधी सील बदला. मग आपण सगळे मिळून सरकारशी भांडू.

पटलं तर पुढे पाठवा.