फुकुशिमा : आकडा उतरला, प्रश्न उरला

११ मार्च २०११ रोजीच्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमधील फुकुशिमा दाइची अणुवीज प्रकल्पातून किरणोत्सारी सिझियम आसपासच्या गावांत, शेतांत आणि जंगलांत पसरले. मातीचा वरचा थर खरवडणे, छपरे व गटारे धुणे, पालापाचोळा उचलणे अशी प्रचंड सफाई मोहीम सरकारने हाती घेतली. तिच्याबरोबरच ताशी ०.२३ मायक्रोसिव्हर्ट हा आकडा सर्वतोमुखी झाला. कोणत्या भागांचे सर्वेक्षण करावे, हे ठरवण्यासाठी तो मुळात योजला होता. लोकांनी मात्र तीच सुरक्षिततेची सीमारेषा मानली.

हा आकडा गृहीतकांवर उभा आहे. अपघातामुळे होणारा अतिरिक्त किरणोत्सर्ग वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत राहावा, हा त्यामागील हेतू. माणूस रोज ८ तास उघड्यावर आणि १६ तास लाकडी घरात असतो, तसेच घरात बाहेरच्या ४० टक्के मात्रा पोहोचते, असे धरले की ताशी ०.१९ मायक्रोसिव्हर्ट हे उत्तर येते. त्यात जमिनीतून निसर्गतः येणारे ०.०४ मिळवले की ०.२३ होतात.

प्रत्यक्ष आयुष्य या हिशेबात बसतेच असे नाही. अनेकांच्या अंगावरील व्यक्तिगत मापकांनी हिशेबापेक्षा कमी मात्रा नोंदवली. उलट, दिवसभर शेतात किंवा जंगलात राबणाऱ्याला ८ तासांचे गृहीतक लागू पडत नाही. मोजणीची जागाही निर्णायक ठरते. साधारणतः जमिनीपासून १ मीटर उंचीवर घेतलेली नोंद आसपासच्या परिसराची सरासरी सांगते. छपराचे पाणी पडते त्या कोपऱ्यात साचलेले सिझियम तिच्यात झाकले जाऊ शकते.

आकडा उतरला, याचे श्रेय कोणाचे, हा त्याहून अवघड प्रश्न. ऑगस्ट २०११ मधील सरकारी धोरणानुसार वस्तीच्या भागातील प्रौढांची मात्रा २ वर्षांत ५० टक्क्यांनी घटवायची होती. त्यातील सुमारे ४० टक्के घट किरणोत्सारी द्रव्यांचा क्षय आणि ऊन-पावसामुळे आपोआप होईल, असे त्याच धोरणात गृहीत धरले होते. सफाईच्या वाट्याला उरले १० टक्के. त्यामुळे सफाईपूर्वीची आणि काही वर्षांनंतरची नोंद शेजारी मांडून सारे यश मोहिमेच्या पदरात टाकणे दिशाभूल करणारे ठरते. काम संपताच त्याच जागी घेतलेली नोंदच सफाईचा खरा परिणाम दाखवते.

सुरुवातीच्या वेगाने घट पुढेही होत राहील, ही अपेक्षाही फोल आहे. सिझियम-१३४ चे अर्धायुष्य सुमारे २ वर्षे, तर सिझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षे आहे. पहिले झपाट्याने विरले. दुसरे पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहणार. त्यातच डोंगराळ जंगलांचा बहुतांश भाग सफाईबाहेर राहिला.

स्थलांतराचे आदेश उठवताना सरकारने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत ही अट लावली. त्याच हिशेबाने ती ताशी ३.८ मायक्रोसिव्हर्ट होते. १ मिलिसिव्हर्ट हे दीर्घकालीन उद्दिष्ट राहिले. या दोन आकड्यांमधील दरीतच परतण्याचा निर्णय कुटुंबांना घ्यावा लागला. अशा वेळी केवळ ‘मर्यादेच्या आत’ असा शेरा पुरत नाही. नोंद कोठे, कधी, किती उंचीवर आणि कोणते जीवनमान गृहीत धरून घेतली, हे आकड्यासोबत सांगितले, तरच लहान मुलांना घेऊन गावी परतावे की नाही, हे आईवडिलांना स्वतः ठरवता येईल.